बॉस अन् केस-सुपरवायझर एकच माणूस असेल तर काउन्सेलरनं काम कसं चालवायचं

ग्रामीण रुग्णालयात, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात), आश्रमशाळेत नाहीतर संस्थेच्या एखाद्या प्रोजेक्टवर काम करणाऱ्या नवीन काउन्सेलर पोरींचे फोन येतात त्यात एकच तक्रार फिरून फिरून येते, की मॅडम, सरांना विश्वासानं केस सांगितली अन् ती माझ्यावरच उलटली. आपल्याकडे माणसं कमी, पदं रिकामी, त्यामुळं जो रजा मंजूर करतो, टीए बिलावर सही करतो अन् अकरा महिन्यांच्या ऑर्डरच्या रिन्यूअलसाठी शेरा लिहितो, त्याच माणसासमोर केस मांडून 'मला इथं सुचून नाही राहिलं' असं पण म्हणावं लागते (ह्यालाच केस सुपरविजन म्हणतात). हे बदलणार नाही लवकर. म्हणून त्यातच नीट काम कसं करायचं ते लिहून राहिली आहे.

मी स्वतः पहिल्याच वर्षी चूक केली. ओपीडी संपून सर जिन्यावरून उतरत होते, हातात गाडीची चाबी, अन् मी तिथंच गाठून सांगून टाकलं की अमक्या बाईच्या फॉलोअपला जाणं झालं नाही, अन् गेली तरी काय बोलायचं ते समजत नाहीये. सर 'बरं, पाहू' म्हणाले अन् गेले. पुढच्या आढावा बैठकीत सगळ्यांसमोर माझ्या नावापुढं 'फॉलोअप प्रलंबित' आलं. सरांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी केस सांगत होती अन् ते रिपोर्ट ऐकत होते, अन् आता आपण कोणतं बोलणं बोलून राहिलो हे दोघांपैकी कोणीच विचारलं नाही. आता मी स्वतः त्या दुसऱ्या खुर्चीत बसते, माझ्या हाताखाली काउन्सेलर आहेत, अन् तिकडून पण हीच गडबड दिसते.

## टप्पा १: पहिल्या आठवड्यात कागद काढा अन् दोन रकाने पाडा

कोणाशी बोलायच्या आधी आपली नेमणुकीची ऑर्डर अन् जॉब चार्ट हातात घ्या. जॉब चार्ट मिळाला नसेल तर मागा, तोंडी नको, अर्ज करून. मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा.

डावीकडं ऑफिसचं काम: हजेरी, रजा, दौऱ्याची डायरी, मासिक रिपोर्ट, टार्गेट, शिबिरं, रिन्यूअलचा शेरा. उजवीकडं केसचं काम: माणूस काय सांगून राहिला, मी काय केलं, कुठं अडकली, जिवाला धोका आहे का, पुढं कोणाकडं पाठवायचं, अन् ह्या केसचा माझ्या मनावर काय परिणाम होऊन राहिला.

खाली थोडी जागा सोडा, कारण बऱ्याच गोष्टी दोन्हीकडं बसतात अन् भांडणं त्यातूनच होतात. उदाहरणार्थ गृहभेटीला गाडी मिळाली नाही म्हणून फॉलोअप चुकला. गाडीचा विषय ऑफिसचा, पण तो माणूस आता कसा आहे हा विषय केसचा. अशा गोष्टीचे दोन तुकडे करून दोन वेगळ्या वेळी मांडायच्या, हे आत्ताच ठरवून ठेवा.

तपासून पाहा: शेवटच्या पाच वेळा सरांशी किंवा मॅडमशी जे बोलणं झालं ते आठवा. प्रत्येक बोलणं डावीकडचं की उजवीकडचं? पाचही डावीकडं गेली असतील तर तुमचं केस सुपरविजन होतच नाहीये, फक्त आढावा होऊन राहिला.

## टप्पा २: एक पानाचा समझोता करून घ्या

वेळ नीट निवडा. बाजाराच्या दिवशी ओपीडी तुडुंब असते, महिनाअखेरीस सगळे रिपोर्टच्या मागं, अन् जिल्ह्याची व्हीसी (व्हिडिओवरची बैठक) असेल त्या दिवशी तर कोणाचंच डोकं जागेवर नसते. मधला एखादा दिवस पाहा, दुपारी तीन-साडेतीनची वेळ, अन् आधी विचारून जा.

सुरुवात अशी करता येते: 'सर, माझ्या कामाचे दोन भाग आहेत अन् दोन्हीसाठी मी तुमच्याकडंच येते. केस सांगताना मला मोकळं बोलता आलं पाहिजे, अन् तुम्हाला पण ऑफिसची माहिती वेळेवर मिळाली पाहिजे. म्हणून काय कधी बोलायचं ते आपण एका कागदावर ठरवून घेऊ का?' सरांवर अविश्वास आहे असा सूर लागू देऊ नका. त्यांची पण अडचणच असते, त्यांनासुद्धा वरून विचारणा होते.

कागदावर एवढं तरी यायला पाहिजे:

- केससाठी कधी बसायचं अन् कुठं. दोन आठवड्यांतून एकदा, पाऊण ते एक तास, दार बंद होईल अशी खोली.
- तिथं बोललेलं काय बाहेर जाईल. जिवाचा धोका, लहान मुलावरचा अत्याचार, अन् माझ्याकडून पेशंटचं नुकसान होईल असं गंभीर वागणं, हे बाहेर जाणारच, ते आधीच लिहा.
- काय बाहेर जाणार नाही. मी कुठं गोंधळली, कोणत्या केसमध्ये रडू आलं, कोणती पद्धत जमली नाही, हे आढावा बैठकीत निघणार नाही.
- शेरा लिहिताना कशाचा आधार घेणार. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. 'वेळेवर सांगितलेली चूक ही शिकण्याचा भाग धरली जाईल, लपवलेली चूक शेऱ्यात येईल' असं स्पष्ट लिहून घ्या.
- अडीअडचणीत सर नसतील तर फोन कोणाला.

सर सही करायला तयार नसतील तर अडून बसू नका. खोलीतून बाहेर आल्यावर साधा मेसेज टाका: 'सर, आज ठरलं त्याप्रमाणे पहिल्या अन् तिसऱ्या बुधवारी तीन वाजता केससाठी बसू. काही बदल असेल तर सांगावा.' तेवढा मेसेज जपून ठेवा.

इशारा: 'इथलं काहीच बाहेर जाणार नाही' असं वचन सुपरवायझरनं देऊ नये अन् काउन्सेलरनं मागू नये. एकच माणूस बॉस असताना ते पाळताच येत नाही, अन् मोडलं की पुढं कोणी काही सांगत नाही.

## टप्पा ३: केस मांडायच्या आधीची तयारी

नुसतं 'सर, एक केस आहे' म्हणत जाऊ नका. अर्ध्या पानावर लिहून न्या. वरती कोड नंबर, मग वय, किती वेळा भेट झाली, त्या माणसाची मुख्य अडचण त्याच्याच शब्दात एक ओळ ('मले रातभर झोपच येत नाही, डोक्यात नुसतं कर्जाचं भुंगं लागते'), तुम्ही आतापर्यंत काय केलं, धोका किती, अन् शेवटी तुमचा प्रश्न. प्रश्न नसला तर बोलणं भरकटते अन् सर सवयीनं विचारतात, 'मग रिपोर्टमध्ये काय दाखवलं?' प्रश्न असा पाहिजे की 'ह्या बाईशी मी नवऱ्याच्या दारूबद्दल आत्ता बोलू की आधी तिची झोप पाहू?'

आता नावाचं. सगळे म्हणतात नाव लपवा म्हणजे झालं. आपल्या खेड्यात तेवढ्यानं काही होत नाही. आठशे वस्तीचं गाव, अन् तुम्ही म्हणता 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी औषध प्यायलेला, दोन एकरवाला, भावाचं किराणा दुकान आहे', तर नाव घेतलं नाही तरी शिपायापासून सगळ्यांना समजलं तो कोण. म्हणून सण, शेताचं माप, नातेवाइकाचा धंदा, गावाचं नाव, जात, असं सगळं केसच्या प्रश्नाला लागत असेल तरच सांगा. ह्याच माणसाबद्दल 'तिशीतला, कर्ज अन् पीक बुडालं, एकदा प्रयत्न केला आहे, घरात एकाच माणसाशी बोलतो' एवढं पुरते.

अन् आधी एक प्रश्न जरूर विचारा: 'सर, ही केस अमक्या भागातली आहे, तिकडं तुमची ओळख-नातं काही आहे का?' तालुक्यात सोयरिकी कुठं निघतील सांगता येत नाही. पेशंट सरांच्या साळ्याच्या गावचा निघाला तर ती केस दुसऱ्या कोणासोबत बोलायची.

एचआयव्हीची केस असेल तर जास्तच जपा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं त्या माणसाची स्थिती उघड करण्यावर कडक बंधनं आहेत, अन् मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ प्रमाणं उपचारातली माहिती गुप्त ठेवायची असते. उपचारासाठी दुसऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाला लागेल तेवढी देता येते. पण ऑफिसप्रमुख म्हणून सरांना रजिस्टर चाळायची हौस आली तर ते कारण त्यात बसत नाही.

## टप्पा ४: बैठकीतला क्रम

१. धोक्याची केस सगळ्यात आधी. कोणाच्या जिवाचं असेल तर बुधवारची वाट पाहायचीच नसते, पण आजवर चालू असलेल्या धोक्याच्या केसेसचं अपडेट पहिल्या दहा मिनिटांत.

२. मग एक किंवा दोन केसेस, जास्त नको. सहा केसेस नेल्या की त्याची यादी होते अन् यादी म्हणजे परत आढावा.

३. मग पाच-दहा मिनिटं स्वतःबद्दल, पण कामाशी जोडून. 'ह्या बाईची गोष्ट माझ्या आईसारखी आहे म्हणून मी तिला जास्त सल्ले देऊन राहिली' हे इथं बोलायचं. तुमच्या घरातलं भांडण, तुमचं लग्न, तुमचा डॉक्टर हे इथं नको. बॉसला आपला काउन्सेलर करू नका, पुढं तोच माणूस तुमचा शेरा लिहिणार आहे. स्वतःसाठी बाहेरचा माणूस शोधा. टेली मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आपल्यासाठी पण आहे, फक्त पेशंटला सांगायसाठी नाही.

४. ऑफिसचे विषय शक्यतो दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी करावे लागलेच तर शेवटी घ्या. पुष्कळ जण आधी रिपोर्टचं उरकून घेतात अन् मग केस काढतात, ते उलटं होते: टार्गेटवरून बोलणी खाल्ल्यावर कोणती पोरगी सांगणार की मला ही केस जमली नाही? मध्ये उठा, चहा घ्या, जमलं तर टेबलाची बाजू बदला, अन् तोंडानं म्हणा, 'आता ऑफिसचं.' मी माझ्याकडं केसच्या वेळी हजेरीचं रजिस्टर टेबलावरून उचलून कपाटात ठेवते. गोष्ट बारकी आहे, पण समोरची पोरगी त्यानंतर खुर्चीत मागं टेकून बसते, हे मी दर वेळी पाहते.

तपासून पाहा: बाहेर पडताना पुढच्या भेटीत काय करायचं ते एका वाक्यात सांगता येते का? नाही आलं तर परत आत जाऊन विचारा.

## टप्पा ५: चूक सांगायची वेळ

इथंच सगळं अडते. फेब्रुवारी-मार्च आला की रिन्यूअलची भीती, अन् नेमक्या त्या दिवसांत चुका पोटात राहतात.

माझ्याकडची एक काउन्सेलर. सोयाबीनचे दिवस, गृहभेटीवरून एसटीनं परत येताना तिच्या लक्षात आलं की त्या भाऊला मरायचे विचार येतात का हे तिनं सरळ विचारलं नाही, अन् फवारणीचं औषध घरात कुठं ठेवलं हे पण विचारायचं राहिलं. भाऊ निघताना दोनदा म्हणाला होता, 'आता काही राह्यलं नाही, ताई.' तिनं स्टॅन्डवर उतरल्या उतरल्या मला फोन केला, आवाज कापत होता, पहिलं वाक्य 'मॅडम, माझ्याकडून चुकलं.' मी चूक काय ते नंतर बोलू म्हटलं, आधी आशाताईला लावायला सांगितलं. आशाताई रात्रीच भाऊच्या चुलत भावाला घेऊन गेली, खाटेखालचा कॅन उचलून चुलत भावाकडं कुलपात ठेवला, एक जण सोबत झोपला, सकाळी काउन्सेलर परत गेली अन् सरळ विचारलं. तिथून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचार तज्ज्ञाकडं नेलं. आमच्या कागदावर 'वेळेवर सांगितलेली चूक ही शिकण्याचा भाग' ही ओळ होती म्हणून तिनं त्याच संध्याकाळी फोन केला, हे तिनंच मला नंतर सांगितलं.

चूक सांगायचा क्रम:

- काय झालं, दोन वाक्यांत. कारणं नंतर.
- माझ्या कधी लक्षात आलं.
- आतापर्यंत मी काय केलं.
- आता तुमच्याकडून काय पाहिजे: गाडी, फोन, सल्ला, की नुसतं माहीत असू द्या.

धोका असेल तर त्याच तासात, नाहीतर त्याच दिवशी. सांगितल्यावर तारीख-वेळ टाकून डायरीत लिहा.

नेहमीची चूक: रडत माफी मागत बसणं. सुपरवायझर मग तुम्हालाच समजावत बसतो अन् पेशंट बाजूला राहून जातो.

दुसरी नेहमीची चूक: 'सरळ विचारलं तर त्याच्या डोक्यात तो विचार येईल' म्हणून आत्महत्येबद्दल न विचारणं. विचारल्यानं विचार येत नसतो. उलट पुष्कळांना कोणी विचारलं म्हणून हलकं वाटते.

## टप्पा ६: आकड्याचा दबाव आला तर

'ह्या महिन्यात काउन्सेलिंगचे आकडे कमी आहेत, वाढवून टाका' हे वाक्य प्रत्येकानं ऐकलं असेल. ते वाक्य बॉस म्हणून येते, पण त्याचा मार केसवर बसतो. खोटी नावं, खोटे अंगठे कधी टाकू नका, पुढं तपासणीत सही तुमचीच सापडते. वाद घालण्यापेक्षा आकडे फोडून दाखवा: नवीन किती, फॉलोअप किती, गटात बोललेले किती, गृहभेटीत गेलेला वेळ किती. मग म्हणा, 'सर, चार तासांच्या प्रवासाच्या दोन भेटी आहेत ह्या आठवड्यात, त्या सोडून शाळेतलं शिबिर घेतलं तर आकडा वाढेल. कोणतं करू, तुम्ही सांगा.' निर्णय त्यांना घेऊ द्या अन् जे सांगितलं ते मेसेजनं परत लिहून पाठवा.

## टप्पा ७: नोंदी तीन जागी

ऑफिसचं रजिस्टर वेगळं, केसची फाईल वेगळी, अन् सुपरविजनची डायरी वेगळी. रजिस्टरमध्ये कोड, तारीख, सेवेचा प्रकार, बस. फाईल कुलपात, चाबी तुमच्याकडं. डायरीत फक्त तारीख, कोड, काय विचारलं, काय ठरलं. 'सरांनी लक्ष दिलं नाही' असले मनातले राग त्यात लिहू नका, ती डायरी उद्या कोणी मागू शकते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर केस टाकायची नाही. फोटो तर नाहीच. सर ग्रुपवर विचारत असतील तर तिथं फक्त 'सर, फोन करते' लिहा अन् फोन करा. एसटीत बसून केसवर बोलू नका, मागच्या सीटवर त्याच गावचा माणूस असतो.

## टप्पा ८: सुपरवायझरला सांगून जबाबदारी संपत नाही अशा गोष्टी

अठरा वर्षांखालच्या मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं किंवा तशी शंका आली, तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. न कळवण्याला शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. 'मी एमओंना (मेडिकल ऑफिसरांना) सांगितलं होतं' हे पुरत नाही. सतरा वर्षांची पोरगी गरोदर आहे अन् म्हणते माझ्याच मर्जीनं, तरी कायद्यानं ती अल्पवयीनच आहे. म्हणून पहिल्या भेटीच्या सुरुवातीलाच तिला सांगून ठेवायचं की कोणत्या गोष्टी मला पुढं सांगाव्या लागतात, नंतर सांगितलं की तिला धोका दिल्यासारखं वाटते.

क्रम असा: आधी ते मूल सुरक्षित आहे का, मग सुपरवायझरला त्याच दिवशी सांगणं अन् सोबत जाऊन कळवणं, ते टाळत असतील तर स्वतः कळवणं, मग लेखी नोंद. मदतीला चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आहे.

आत्महत्येच्या प्रयत्नाच्या केसमध्ये 'पोलिसांचं लफडं होईल, लिहू नका' असं कोणी म्हणालं तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ दाखवा. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं असते, त्याच्यावर खटला भरून शिक्षा करायची नसते. हॉस्पिटलची एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद हा वेगळा भाग, तो डॉक्टरांना करू द्या. तुमची केसची नोंद खरी ठेवा.

## टप्पा ९: ठरलेलं मोडलं तर

केसमधलं बोलणं आढाव्यात निघालं, तर तिथंच सगळ्यांसमोर भांडू नका. दोन दिवसांत वेळ मागून कागद समोर ठेवा: 'सर, बुधवारी मी हे केस म्हणून बोलली होती, सोमवारी ते शेऱ्यासारखं आलं. पुढं कसं करायचं?' पुष्कळदा त्यांच्या लक्षातच आलेलं नसते. दुसऱ्यांदा झालं तर लेखी द्या. तिसऱ्यांदा झालं तर केस दुसरीकडं न्या, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या मानसोपचार तज्ज्ञ किंवा सायकॉलॉजिस्टकडं, वरिष्ठांची परवानगी घेऊन. शेजारच्या तालुक्यातल्या दोन-तीन काउन्सेलरांनी महिन्यातून एकदा एकत्र बसणं पण उपयोगी पडते, फक्त ओळख पटेल असं तिथंही सांगायचं नाही.

त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल तर हे समझोत्याचे टप्पे विसरा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती पाहिजे, त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकावरच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत.

## सुपरवायझर वाचत असतील तर

पोरगी केबिनमध्ये आली की आधी तुम्ही विचारा, 'केसचं की ऑफिसचं?' पोरगी जिन्यावर गाठेल तेव्हाही हेच विचारा, अन् केसचं असेल तर बसायची वेळ ठरवून द्या अन् त्या वेळी ऐका, जिवाचा धोका असेल तर मात्र लगेच. शेरा लिहायच्या महिनाभर आधी तिला सांगा कशावरून लिहिणार आहात. अन् तिच्या कामात पेशंटला खरोखर धोका दिसत असेल तर केसच्या आडून हळूच सुचवू नका, बॉस म्हणून समोर बसवून स्पष्ट सांगा, लेखी द्या, सुधारायला मुदत द्या.

## दर तीन महिन्यांनी

तो एक पानाचा कागद परत काढा, दोघांनी मिळून वाचा. किती बैठका ठरल्या होत्या अन् किती झाल्या ते मोजा. पावसाळ्यात मेळघाटात, भामरागडकडं पुलावरून पाणी गेलं की रस्ता बंद होतो, तेव्हा बैठक फोनवर कधी, कोणत्या खोलीतून अन् नेटवर्क कुठं लागते ते जूनच्या आधीच लिहून ठेवा. साहेब बदलून नवीन आले असतील तर जुना कागद त्यांना लागू आहे असं धरू नका, पहिल्या पंधरा दिवसांत टप्पा दोनपासून परत सुरू करा.